चांदीचा जंतुरोधक थर: छोट्या लॅबमध्ये, कमी खर्चात

पहिल्यांदा चांदीचा थर बसवणारा विद्यार्थी बेल जार (ज्याच्या आतली हवा काढतात ते घंटेसारखं काचेचं भांडं) उघडल्यावर हमखास एकच गोष्ट करतो. स्लाइड तोंडासमोर धरतो आणि केस नीट करतो. आरसा झालेला असतो, इतका झकास की फोटो लगेच घरच्या ग्रुपवर जातो. मी काही बोलत नाही. ड्रॉवरमधून सेलोटेप काढतो, स्लाइडवर दाबून लावतो आणि झटक्यात ओढतो. आरसा टेपवर येतो, हातात नुसती काच उरते.

नव्यानं हे काम सुरू करणाऱ्यांची इथंच गल्लत होते. आपल्याला जंतुरोधक थर करायचाय, आरसा नाही. जिवाणू मारण्यासाठी लागते ती चांदी फार थोडी असते, आणि पुष्कळदा ती दिसायला मळकट, पिवळसर, एखाद्या जुन्या फोटोच्या काचेसारखी असते. खरी मेहनत थराआधीच्या धुण्यात आणि थरानंतरच्या चाचणीत आहे. मधली वाफ काढायची पाच-दहा मिनिटं सगळ्यात सोपी.

पुण्यात एखाद्या कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा भोसरीतल्या छोट्या वर्कशॉपमध्ये जुनं कोटिंग युनिट हाताशी असलेल्यांसाठी हे लिहितोय. घरच्या ओट्यावर करण्यातलं हे काम नाही.

चांदी मारते कशी, एवढं आधी

उष्टावणाला बाळाला चांदीची वाटी देतात, त्यामागे काहीतरी शास्त्र आहे असं आपण ऐकत आलोय. थोडंफार आहेही, पण चकाकी काम करत नाही. चांदीचा धातू स्वतः आळशी असतो. ओलावा आणि हवेतला ऑक्सिजन मिळाला की पृष्ठभागावरून चांदीचे आयन हळूहळू सुटतात. ते जिवाणूच्या प्रथिनांतल्या गंधकयुक्त गटांना जाऊन चिकटतात आणि त्याचा श्वसनाचा आणि आवरणाचा कारभार बिघडवतात. यातून दोन गोष्टी निघतात, त्या शेवटपर्यंत ध्यानात ठेवा. ओलावा नसेल तर काम नाही. आणि आयन सुटायला पृष्ठभाग लागतो, जाडी नाही.

आता थोडं गणित. चांदीची घनता १०.४९ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. १० नॅनोमीटर थरात दर चौरस सेंटिमीटरला साधारण १० मायक्रोग्रॅम चांदी बसते. मिठाईवरचा वर्ख याच्यापुढे घोंगडी वाटेल, तो काहीशे नॅनोमीटरचा असतो. तरीही ही १० मायक्रोग्रॅम पुरते का? पुढे चाचणीच्या वेळी हा हिशोब पुन्हा लागेल.

कुठली वाट धरायची

स्वस्तातल्या वाटा तीन आहेत.

पहिली, व्हॅक्यूममध्ये चांदी तापवून तिची वाफ काचेवर बसवणं. जुनं १२ इंची कोटिंग युनिट बऱ्याच कॉलेजांच्या फिजिक्स विभागात प्लास्टिकच्या कव्हराखाली झोपलेलं असतं. ते जागं करणं नवं मशीन घेण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. हा लेख मुख्यतः याच वाटेचा आहे.

दुसरी, स्पटरिंग, म्हणजे आर्गॉनच्या आयनांचा मारा करून धातूच्या चकतीवरचे (‘टार्गेट’वरचे) अणू उडवणं. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचे नमुने तयार करायला जो छोटा टेबलावरचा कोटर वापरतात, त्यात सोन्याच्या जागी चांदीचं टार्गेट बसवायचं. याला नुसता रोटरी पंप (तेलात फिरणारा साधा व्हॅक्यूम पंप) आणि थोडा आर्गॉन पुरतो. शिवाय थर जास्त घट्ट बसतो, कारण अणू जास्त जोरानं येऊन आदळतात. फक्त आत हजार-दोन हजार व्होल्ट असतात. दार उघडल्यावर वीज तोडणारा स्विच कुणी ‘तात्पुरता’ बायपास केलेला असेल तर त्या मशीनला हात लावू नका.

तिसऱ्या वाटेला व्हॅक्यूम लागतच नाही. सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणाचं अल्ट्रासॉनिक ह्युमिडिफायरच्या चकतीनं धुकं करायचं आणि नायट्रोजनच्या झोतानं ते साडेतीनशे-चारशे अंशांच्या तापलेल्या काचेवर न्यायचं. थर खडबडीत, राखाडी येतो, आणि जंतुरोधक म्हणून तो खडबडीतपणा फायद्याचाच. पण नायट्रोजन डायऑक्साइडचा लालसर धूर निघतो, म्हणून फ्यूम हूडशिवाय (धूर ओढून बाहेर टाकणाऱ्या कपाटाशिवाय) हे करायचंच नाही. प्लास्टिक त्या तापमानाला टिकत नाही. द्रावण मिथेनॉलमध्ये केलं असेल तर आग आणि विषबाधा हे दोन्ही धोके वाढतात. नायट्रेटच्या उरलेल्या द्रावणात अमोनिया घालून ते कधीही ठेवून देऊ नका, ठेवल्या ठेवल्या त्यात स्फोटक पदार्थ बनतो. बोटांवर पडलं तर काळे डाग पडतात आणि कातडी झडेपर्यंत जात नाहीत, पण ते आपलं किरकोळ.

चांदी आणायला जाणं

सोन्या मारुती चौकात मी पहिल्यांदा गेलो तेव्हा सराफकाकांनी विचारलं, “किती तोळे?” मी म्हटलं, “काका, दोन ग्रॅम. तार.” त्यांनी चष्म्यावरून बघितलं. “कान टोचायचेत का कुणाचे?” वाफ करायचीय म्हटल्यावर त्यांनी आतल्या कारागिराला हाक मारली, असा गिऱ्हाईक रोज येत नाही म्हणून.

चोख चांदीच मागा, ९९९ ची. एक्सआरएफ मशीनवर (क्ष-किरणांनी धातूची शुद्धता मोजणाऱ्या) टंच काढून मिळतो, तो काढून घ्या. ९२५ ची चांदी चालते का, असं विद्यार्थी विचारतात. त्यात बाकीचं बहुतेक तांबं असतं. त्याला वाफ व्हायला चांदीपेक्षा दोनेकशे अंश जास्त लागतात, त्यामुळे आधी चांदी उडते आणि बोटीत (धातू तापवायच्या होडीसारख्या छोट्या पत्र्यात) तांबं उरत जातं. थराची रचना दर वेळी वेगळी येते, आणि मग कुठल्या निकालाचं कारण काय, याचा पत्ता लागत नाही.

जुने पैंजण, जोडवी, तुटलेली साखळी मात्र बोटीत अजिबात घालू नका, आजीनं प्रेमानं दिली तरी. डाग देताना वापरलेल्या झाळात जस्त असतं, जुन्या कामात कॅडमियमही असू शकतं. ‘केडीएम’ या शब्दाचा उगमच कॅडमियमच्या झाळात आहे. चांदीला चांगली वाफ द्यायला हजार अंशांच्या आसपास जावं लागतं, जस्त साडेतीनशेच्या आतबाहेर आणि कॅडमियम अडीचशेच्या आसपासच तेवढ्या जोरानं उडतं. म्हणजे चांदी वितळायच्या आधीच तुमचं चेंबर, पंपाचं तेल आणि उघडल्यावर तुमची फुप्फुसं, तिघांनाही प्रसाद मिळतो. याच कारणानं चेंबरच्या आत पितळी स्क्रूही नकोत, पितळेत जस्त असतं.

एका खेपेला १०० मिलिग्रॅमच्या आसपास चांदी लागते. दोन ग्रॅममध्ये सत्र निघतं. खर्च चांदीचा नाही, बोटींचा आणि पंपाच्या तेलाचा.

काच धुणं

इथं घाई केली की पुढचं सगळं वाया.

स्लाइडच्या एका कोपऱ्यात, पाठच्या बाजूला, हिरकणीच्या पेननं नंबर कोरा. मार्करनं लिहिलेला नंबर तिसऱ्या मिनिटाला अॅसिटोनमध्ये जातो आणि सगळ्या स्लाइड जुळ्या भावंडांसारख्या होतात. मग साबणाच्या कोमट पाण्यात दोन्ही बाजू बोटांनी चोळून, अर्थात हातमोजे घालून, धुवायच्या. नळाच्या पाण्याखाली भरपूर खळखळवायच्या. मग डिस्टिल्ड पाणी, मग अॅसिटोन, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल. अल्ट्रासॉनिक बाथ असेल तर प्रत्येकात दहा मिनिटं. शेवटी काठावर उभी धरून ड्रायरनं किंवा नायट्रोजननं वाळवायची. अॅसिटोन आपणहून वाळू दिलं की डाग राहतात, म्हणून त्याच्या पाठोपाठ अल्कोहोल हवंच.

स्वच्छ झाली का हे दोन प्रकारे कळतं. धुताना पाणी काचेवरून सलग पापुद्र्यासारखं उतरलं पाहिजे. कुठं फाटलं, थेंब झाले, तर तिथं तेलकटपणा आहे. दुसरी परीक्षा तोंडाच्या वाफेची. हिवाळ्यात खिडकीच्या काचेवर वाफ मारतो तशी मारायची. सगळीकडे सारखा करडा पडदा आला आणि कडेकडून आत सारखाच विरला, तर काच चांगली. बोटाचा ठसा, पुसल्याचे फराटे, लोंबलेला थेंब, सगळं त्या एका श्वासात उमटतं. ही वाफ मारलेली स्लाइड परत अल्कोहोलमधून काढायची, हे सांगायला नको, पण सांगतो, कारण विसरतात.

स्टीलवर करायचं असेल तर ३०४ चा पत्रा घ्या, वरची प्लास्टिकची फिल्म काढल्यावर राहिलेला गोंद आधी घालवा, बाकी कृती तीच.

व्हॅक्यूम: पावसाळा आणि गुरुवार

बोटीपासून काच साधारण १५ सेंटिमीटरवर असते. चांदीचा अणू तेवढं अंतर हवेच्या रेणूला न धडकता गेला पाहिजे. दाब मिलिबारच्या हजाराव्या भागावर असेल तर तो जेमतेम काही सेंटिमीटरांत कुठंतरी ठेचकाळतो. लाखाव्या भागावर गेलं की कित्येक मीटरचा मोकळा रस्ता मिळतो. या लाखाव्या भागाला आम्ही लॅबमध्ये ‘मायनस फाइव्ह’ म्हणतो. “मायनस फाइव्हला गेलं का?” हा प्रश्न दिवसातून दहादा ऐकू येतो.

युनिट कुठलंही असलं तरी क्रम साधारण असा. रोटरी पंप चालू करून आधी डिफ्यूजन पंपाची (तापलेल्या तेलाच्या वाफेनं उरलीसुरली हवा ओढणाऱ्या पंपाची) पाठ रिकामी करायची, थंड पाण्याचा नळ सोडायचा, मग डिफ्यूजनचा हीटर लावायचा. तेल तापायला अर्धा तास लागतो, तोवर चहा. मग हाय व्हॅक्यूमचा व्हॉल्व्ह बंद ठेवून रोटरीनं चेंबर ओढायचं. पुण्यात सुरुवातच ९५० मिलिबारच्या आसपास होते, आपण समुद्रसपाटीहून साडेपाचशे मीटर वर आहोत म्हणून. दाब दाखवणाऱ्या पिरानी गेजवर मिलिबारचा शंभरावा भाग दिसेपर्यंत थांबा. रफिंगचा (चेंबर आणि रोटरीमधला) व्हॉल्व्ह बंद, बॅकिंगचा (डिफ्यूजन पंप आणि रोटरीमधला) उघडा, आणि मगच मोठा, हाय व्हॅक्यूमचा व्हॉल्व्ह. हा क्रम चुकला आणि गरम तेलावर हवा गेली, तर तेल जळून काळं होतं आणि त्याची वाफ चेंबरभर बसते. क्रमाचा कागद मशीनवर चिकटवून ठेवा. वीस वर्षं काम केलेला माणूसही फोन घेता घेता चुकतो.

बेल जारवर बाहेरून केवढा भार असतो याची कल्पना असू द्या. ३० सेंटिमीटर व्यासाच्या जारच्या माथ्यावर हवा साधारण ६८० किलोंनी दाबत असते. काचेला चरा गेला असेल तर तो जार वापरू नका, आणि जाळीचं संरक्षण लावल्याशिवाय पंप सुरूच करू नका.

पावसाळ्यात मशीन रुसतं. जून ते सप्टेंबर चेंबरच्या भिंतींवर, गॅस्केटवर पाण्याची वाफ चिकटून बसते आणि गेज एका जागी अडून राहतो. नवखा माणूस गळती शोधत बसतो. आधी रोटरीचा गॅस बॅलास्ट (पंपात थोडी हवा सोडून पाण्याची वाफ बाहेर काढणारा व्हॉल्व्ह) उघडून वीस-तीस मिनिटं चालवा, चेंबर उघडं असेल तेवढा वेळ कमी करा, आणि उघडताना आत बाहेरची हवा न सोडता कोरडा नायट्रोजन सोडा. एवढं करूनही अडलं तर मग ओ-रिंगवरचा केस शोधा. आमच्याकडे तो बहुतेकदा सापडतो.

आणि गुरुवार. शहरातल्या दुरुस्तीची कामं गुरुवारी निघतात आणि पाणी बंद राहतं, हे पुणेकराला कुणी सांगायला नको. डिफ्यूजन पंपाला मात्र कुणीतरी सांगितलं पाहिजे. एका गुरुवारी टाकीत पाणी आहे असं समजून आम्ही मशीन लावलं. पाऊण तासानं नळ फुरफुरला आणि थांबला. थंड पाणी गेलं की तेलाची वाफ पंपाच्या भिंतीवर उतरत नाही, सरळ वर चेंबरमध्ये येते. त्या दिवशीच्या बारा स्लाइडवर चांदी बसली आणि तिच्याखाली तेलाचा अदृश्य पापुद्राही. सगळ्या टेपबरोबर निघाल्या. आता एक ड्रम आणि कूलरमधली छोटी मोटर लावून पाणी फिरतं ठेवतो, आणि पाणी थांबलं की हीटर बंद करणारा स्विच तापकीर गल्लीतून आणून बसवलाय. लाइट गेली तर वेगळं काम: आधी मोठा व्हॉल्व्ह बंद, मग रोटरीला हवा द्या. नाहीतर तिचं तेल उलटं वर चढतं.

थर बसवणं

मॉलिब्डेनमची खोलगट बोट घ्या. चांदी या धातूशी मिश्रण करत नाही, त्यामुळे बोट बऱ्याच खेपा टिकते. चांदीची तार अॅसिटोननं पुसून छोटे तुकडे करून बोटीच्या मध्यात ठेवा. चांदी काचेला मुळात धरतच नाही, म्हणून खाली ५ ते १० नॅनोमीटर क्रोमियमचा अस्तर-थर द्यावा लागतो. त्यासाठी दुसऱ्या इलेक्ट्रोडवर क्रोमियम चढवलेली टंगस्टनची सळी लावा. दोन्ही थर एकाच व्हॅक्यूममध्ये, मध्ये जार न उघडता बसले पाहिजेत. उघडलंत तर क्रोमियमवर ऑक्साइड येतो आणि अस्तराचा उपयोग निम्मा होतो.

युनिटमध्ये एचटी (जास्त व्होल्टची वीज) असेल तर आधी ग्लो डिस्चार्ज द्या. दाब मिलिबारच्या दहाव्या ते शंभराव्या भागात असताना आत जांभळट-गुलाबी उजेड पेटतो. दहा मिनिटं. काचेवरचा शेवटचा सूक्ष्म मळ त्यात जातो. मग पूर्ण व्हॅक्यूम.

आता एलटी, म्हणजे बोट तापवणारी कमी व्होल्टची, जास्त अँपिअरची वीज. शटर (बोट आणि काच यांच्यामधला सरकता पडदा) बंद आहे ना, ते बघा. करंट हळूहळू वाढवा. किती अँपिअर ते बोटीवर अवलंबून, म्हणून आकड्याकडे कमी आणि बोटीकडे जास्त लक्ष द्या. वेल्डिंगची काळी काच डोळ्यांपुढे धरा. आधी बोट अंधूक तांबूस होते, मग नारिंगी. ९६२ अंशांना तुकडे अचानक गोलावतात, एकमेकांत शिरतात आणि पाऱ्यासारखा एक थरथरणारा मणी उरतो. बघण्यासारखं दृश्य असतं, पण इथंच हात आवरायचा. करंट झटक्यानं वाढवला तर त्यात अडकलेला वायू बाहेर फुटतो आणि चांदी तडतडते, फोडणीत मोहरी तडतडावी तशी. तिचे थेंब काचेवर जाऊन बसतात. मणी शांत झाला, दाब वर उडालेला परत खाली आला, की मगच क्रोमियम, आणि लगेच पाठोपाठ चांदीचं शटर उघडा.

क्वार्ट्झ क्रिस्टलचा थिकनेस मॉनिटर असेल तर सेकंदाला ०.२ ते ०.५ नॅनोमीटर असा वेग ठेवा. नसेल तर चांदी तोलूनच घालायची. बोटीच्या बरोबर वर काच असेल तर जाडी म्हणजे चांदीचं वजन भागिले ‘पाय (३.१४) गुणिले अंतराचा वर्ग गुणिले घनता’ हा सगळा गुणाकार. १५ सेंटिमीटरवर १०० मिलिग्रॅम पूर्ण उडाली, तर उत्तर येतं साधारण १३५ नॅनोमीटर. ५० मिलिग्रॅम, तर ६७. प्रत्यक्षात बोटीच्या आकारामुळे यापेक्षा कमीच येतं, पण अंदाजाला पुरे.

थर झाल्यावर लगेच जार उचलू नका. बोट लाल असताना हवा गेली की बोट गेली. वीस मिनिटं थांबा.

किती बसली?

महागडं उपकरण नसताना तीन गोष्टी कामाला येतात.

वजन. स्लाइड ७५ बाय २५ मिलिमीटरची. तिच्यावर १०० नॅनोमीटर चांदी म्हणजे जवळजवळ २ मिलिग्रॅम. दशांश मिलिग्रॅम दाखवणारा केमिस्ट्रीचा तराजू हे मोजू शकतो. १० नॅनोमीटरला मात्र ०.२ मिलिग्रॅमच भरतात, तिथं तराजूवर विश्वास नको. क्रोमियमचं वजन यातून वजा करायला विसरू नका.

रंग. ट्यूबलाइटसमोर धरून पाहा. अगदी पातळ थर पिवळा, बदामी, कधी जांभळट दिसतो, कारण तो सलग नसून सुट्या बेटांचा असतो. थोडा वाढला की आरपार निळसर. शंभरच्या पुढं काहीच दिसत नाही.

मल्टिमीटर. दोन्ही टोकं हलकेच थरावर टेकवा. बेटं सुटी असतील तर काहीच दाखवत नाही, थर सलग झाला की एकदम काही ओहम. ही उडी साधारण १० ते २० नॅनोमीटरच्या पट्ट्यात कुठंतरी असते. मात्र ही परीक्षा अस्तर नसलेल्या स्लाइडवर करा, क्रोमियम असेल तर मीटर त्याचीच खबर देतो. म्हणून प्रत्येक खेपेत एक स्लाइड अस्तराविना, नुसत्या चांदीची करायची सवय लावून घ्या.

माझं मत विचाराल तर नवख्यानं पहिल्या महिन्यात तीनच जाड्या कराव्यात: १०, ३० आणि १०० नॅनोमीटर. मध्ये भरायच्या मोहात पडू नये.

टेप, मग जिवाणू

नव्या ब्लेडनं एकेक मिलिमीटरवर सहा रेघा, त्यावर आडव्या सहा. जाळीवर टेप घट्ट दाबा, मिनिटभर थांबा, मागे दुमडून ओढा. चौकटींपैकी किती सुटल्या ते भिंगातून मोजा. इथं नापास झालेली स्लाइड पुढं पाठवण्यात अर्थ नाही. जिवाणूंवरच्या चाचणीत निघालेले चांदीचे पापुद्रे पाण्यात तरंगतात आणि निकाल भलताच छान येतो, हे त्यातलं खरं दुखणं.

जिवाणूंचं काम स्वतः करू नका, मायक्रोबायोलॉजीतल्या माणसाबरोबर करा. पुण्यात आपली सोय आहे. पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत एनसीआयएम हा सूक्ष्मजीवांचा संग्रह आहे, तिथून प्रमाणित कल्चर मिळतं. गोपाळ गणेश आगरकर रस्त्यावरच्या आघारकर संशोधन संस्थेत तर चांदीच्या नॅनोकणांवर बरंच काम झालेलं आहे.

बहुतेकांना आधी आठवते ती अगार प्लेटवर (जिवाणू वाढवायच्या जेलीच्या थाळीवर) नमुना ठेवून भोवतीचं मोकळं वर्तुळ मोजायची पद्धत. आपल्या थराला ती न्याय देत नाही. आयन थोडे, ते अगारमधून फार लांब जात नाहीत, आणि माध्यमातला क्लोराइड त्यांना वाटेतच पकडून बसवतो. वर्तुळ नाही म्हणून थर निकामी, असा निष्कर्ष काढून चांगल्या स्लाइड फेकून दिलेल्या मी पाहिल्यात.

आयएसओ २२१९६ ही पृष्ठभागाची जंतुरोधकता मोजायची आंतरराष्ट्रीय पद्धत धरा. ५० मिलिमीटरचा चौरस नमुना (स्लाइड एवढी रुंद नसते, म्हणून खेपेत स्लाइडबरोबर चौरस काचही ठेवा), त्यावर ०.४ मिलिलिटर जिवाणूंचं पाणी, वर ४० मिलिमीटर चौरस प्लास्टिक फिल्म, म्हणजे ते पातळ पसरतं आणि वाळत नाही. ३५ अंश, ९० टक्क्यांहून जास्त दमटपणा, २४ तास. मग चांदीचा परिणाम थांबवणाऱ्या द्रवानं धुऊन घ्यायचं, पातळ करत जाऊन प्लेटवर लावायचं आणि वसाहती मोजायच्या. ई. कोलाय आणि स्टॅफिलोकोकस ऑरियस, दोन्हींवर करा. परिणाम थांबवणारा द्रव वगळलात तर प्लेटवर गेल्यावरही चांदी मारतच राहते आणि आकडा फुगतो.

शेजारी दोन साक्षीदार हवेत: एक कोरी काच आणि एक नुसत्या क्रोमियमची. दुसरी सगळेच विसरतात. कोऱ्या काचेवर १ लाख उरले आणि चांदीवर १ हजार, तर तो २ लॉगचा फरक, म्हणजे ९९ टक्के. ३ लॉग म्हणजे ९९.९. एका नमुन्यावरून काही ठरवू नका, प्रत्येकी तीन तरी घ्या.

आता मघाचा हिशोब. फिल्मखाली १६ चौरस सेंटिमीटर भाग येतो. १० नॅनोमीटर थर असला तरी तिथं १६८ मायक्रोग्रॅम चांदी आहे. त्यातली नुसती १ टक्का विरघळली तरी ०.४ मिलिलिटरमध्ये लिटरला ४ मिलिग्रॅमच्या आसपास भरते, आणि जिवाणूंना तेवढी पुष्कळ झाली. म्हणून १० आणि १०० नॅनोमीटरच्या निकालात फरक दिसला नाही तर बुचकळ्यात पडू नका. जाड थराचा फायदा असलाच तर तो टिकण्यात आहे, वर्षभर पुसलं-धुतलं तरी साठा उरण्यात.

याच आकड्याची दुसरी बाजू. जागतिक आरोग्य संघटना पिण्याच्या पाण्यात लिटरला ०.१ मिलिग्रॅमपर्यंत चांदी चालेल असं धरते. तेव्हा पाण्याच्या बाटलीला आतून थर देण्याची कल्पना सुचली तर ती वहीतच राहू द्या. आणि जखमेवर किंवा शरीरात जाणाऱ्या वस्तूवर थर देऊन ती कुणाला वापरायला देणं हा प्रयोग उरत नाही, ते वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ च्या कक्षेत येतं.

दाराच्या कड्या आणि काळे डाग

सगळ्यांना दाराच्या कड्यांवर आणि लिफ्टच्या बटणांवर चांदी चढवायची असते. चाचणीत नमुना २४ तास ओला होता, कडी कोरडी असते. साध्या खोलीच्या हवेत चांदी फारसं काही करत नाही, तिथं तांबं तिच्यापेक्षा सरस ठरतं. अमेरिकेत २००८ मध्ये सरकारी नोंदणी मिळाली ती तांब्याच्या मिश्रधातूंना. तेव्हा कडीसाठी त्याच युनिटमध्ये तांबं उडवून बघा. चांदी ठेवा ओल्या जागांसाठी: नळाची जाळी, एसीचा पाणी साचणारा ट्रे, इनक्युबेटरमधला पाण्याचा ट्रे.

नमुने साठवताना हवेतलं गंधक सांभाळा. मुठेच्या काठच्या खोलीत उघड्यावर ठेवलेली स्लाइड दोन आठवड्यांत तपकिरी पडायला लागते, नदीचा वास येतो म्हणजे चांदीलाही येतोच. एका पोरानं बारा स्लाइड व्यवस्थित कागदात गुंडाळून वर रबरबँड लावला आणि दिवाळीच्या सुट्टीवर गेला. परत आला तेव्हा प्रत्येक स्लाइडवर बरोबर मधोमध एक काळी रेघ होती, पट्टीनं आखल्यासारखी. रबरात गंधक असतं. आता आम्ही हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुडीबरोबर, उभ्या खाचांमध्ये स्लाइड ठेवतो आणि डब्यावर थराची तारीख लिहितो. चाचणीला पाठवायच्या स्लाइड आठवड्याच्या आत पाठवतो, आणि त्याच खेपेतली एक डब्यात राखून ठेवतो, महिन्यानं पुन्हा तपासायला.